प्रमिलाबाईंचं लाल कार्ड

सुरतमधल्या लिंबायतच्या त्या गल्लीत ‘पोरगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की प्रमिलाबाईंचं उत्तर तयार असे. “फायर ब्रिगेडमध्ये आहे. पण आगीत नाही जात हं. फोनवर बसतो. वर पंखा, पुढ्यात टेबल. लोक फोन करतात, हा गाडी पाठवतो.” हे सांगताना त्या साडीला लेस लावायचं मशीन क्षणभर थांबवत. एवढं महत्त्वाचं वाक्य खडखडाटात हरवून कसं चालेल?

हे त्यांना चेतननेच सांगितलं होतं. त्याला नोकरी लागली त्या दिवशी प्रमिलाबाईंनी पेढा तोंडात घातला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या होत्या. एकुलता एक मुलगा, बाप लवकर गेलेला, आणि हा आता आगीत उड्या मारणार! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेतन आला आणि म्हणाला, “माय, माले फोनवर बसाडं.” तेव्हा कुठे त्या उठल्या, गॅस पेटवला आणि चहाबरोबर पेढाही खाल्ला. या गोष्टीला दोन वर्षं उलटून गेली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारची छाया दारात आली. छाया मूळची जालन्याची, बोलायला चुरचुरीत, आणि गल्लीतल्या बचत गटाची पुढारी.

“काकू, रविवारी मोकळ्या आहात का? आजारी पडायचंय.”

“म्हणजे गं?”

“शहराबाहेर सचिन गावाला एका बंद मिलच्या आवारात लष्कराचं ट्रेनिंग आहे. जवान, फायरवाले, अँब्युलन्सवाले, सगळे एकत्र. विषारी गॅस सुटला किंवा कुणी मुद्दाम रोगाचे जंतू सोडले, तर माणसं कशी वाचवायची ते शिकवणार. त्यांना खोटे पेशंट पाहिजेत. बायका कमी पडतायत. नाष्टा, जेवण त्यांच्याकडे. बस न्यायला येणार.”

“आणि करायचं काय?”

“पडायचं, ओरडायचं, कण्हायचं.”

प्रमिलाबाईंचे डोळे चमकले. माहेरी असताना गावातल्या गणपतीत त्यांनी एकदा राणीचं काम केलं होतं आणि त्याचं कौतुक अजून त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. “लिही माझं नाव,” त्या म्हणाल्या.

बायका गोळा करायचं काम खरं तर चेतननेच छायाला सांगितलं होतं. त्या बायकांत आपली माय असेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. रविवारी सकाळी बसमध्ये चढणाऱ्या बायका मोजायला तो दारात उभा राहिला आणि समोरून हिरवी पैठणी काठाची साडी, अंबाड्यावर गजरा, अशा थाटात प्रमिलाबाई आल्या.

“माय, तू?” त्याचा चेहरा उतरला.

“का बरं? मी पडू शकत नाही का?” त्या वर चढल्याही. खिडकीजवळची जागा धरून त्यांनी शेजारी सुंदराबाईंना बसवलं. सुंदराबाई विदर्भातल्या, गुडघ्यांनी बेजार, आणि जगात काहीही झालं तरी न घाबरणाऱ्या.

मिलच्या आवारात पोचल्यावर सगळ्यांना चहा आणि खमण मिळालं. ट्रेनिंग घेणाऱ्या मेजर मॅडम लष्करातल्या डॉक्टर होत्या. उंच, बारीक केस कापलेल्या, आणि कडक आवाजाच्या. त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. जमिनीवर तीन पट्ट्या आखल्या आहेत. लाल पट्टीच्या आत विष आहे असं मानायचं. तिथून जवान पेशंटला उचलतील. पिवळ्या पट्टीत तंबू आहे, तिथे अंगावरचं विष धुतलं जाईल. बायकांचा तंबू वेगळा, तिथे बायकाच धुतील. हिरव्या पट्टीत डॉक्टर. “आणि लक्षात ठेवा,” मॅडम म्हणाल्या, “सगळं नाटक आहे. पण खरंच कुणाला काही झालं, तर दोन्ही हात वर करून तीनदा ओरडायचं, ‘असली, असली, असली!’ मग आम्ही सगळं थांबवू.”

नेमकं हे सांगत असताना प्रमिलाबाई खमणावरची मिरची शोधत होत्या.

मग गळ्यात अडकवायची कार्डं वाटली. सुंदराबाईंना काळं कार्ड मिळालं. म्हणजे मेलेल्या. त्यांनी ते वाचून घेतलं आणि तोंडभर हसल्या. “म्हणजे दिवसभर निजून राहायचं ना? द्या.” प्रमिलाबाईंना हिरवं कार्ड आलं. डोळ्यांची किंचित आग, चालू शकते.

“किंचित आग?” त्या छायाला म्हणाल्या. “एवढ्यासाठी मी नवी साडी नेसून आले? घरी कांदा चिरला तरी जास्त होतं.”

छायाने वाद घातला नाही. आपलं लाल कार्ड काढून त्यांच्या गळ्यात घातलं. श्वास कोंडतोय, डोळ्यांपुढे अंधार, जीव वाचवायचा तर तातडीने उचला. प्रमिलाबाई समाधानाने लाल पट्टीच्या आत जाऊन पडल्या. शेजारी सुंदराबाई पदर तोंडावर घेऊन मेल्या.

भोंगा वाजला. डब्यांतून पिवळा धूर सोडला गेला आणि त्या धुरातून जवान आले. डोक्यापासून पायापर्यंत जाड सूट, तोंडावर मास्क, दोन गोल काचा आणि नाकाच्या जागी डबा. प्रमिलाबाईंना माहीत होतं की हे नाटक आहे, तरी त्यांनी सुंदराबाईंचा पदर घट्ट धरला. बाकीच्या बायकांना तेवढंही सुचलं नाही. चारपाच जणी किंचाळून उठल्या आणि पळत सुटल्या. त्या पिवळ्या पट्टीतून थेट हिरव्या पट्टीत गेल्या आणि तिथल्या डॉक्टरांच्या गळ्यातच पडल्या. मॅडमनी शिट्टी वाजवली.

“डॉक्टर मेले,” त्यांनी शांतपणे जाहीर केलं. “पळत आलेल्या माणसाच्या अंगावरचं विष तुमच्या अंगावर गेलं. खऱ्या वेळी लोक असेच पळतात. शाब्बास, ताई. आता परत जाऊन पडा.”

बायका लाजून परत येऊन पडल्या. पळालो तरी शाबासकी मिळते हे कळल्यावर मात्र त्यांची भीड चेपली आणि पुढची फेरी रंगली. प्रमिलाबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. घाबरलेलं माणूस आपल्या घरच्याच भाषेत ओरडतं, तशा त्या अहिराणीत ओरडत होत्या. “मना डोया जळी राहिनात! माले काहीच दिसत नही रे!” त्यांना उचलायला दोघे जवान आले. पुढचा दणकट होता, पण स्ट्रेचर उचलताना त्याचा पाय घसरला आणि प्रमिलाबाई एका बाजूला कलल्या.

“ओ भूत! हळू उचल! मी काय कापडना गठ्ठा शे का?”

भूत काही बोललं नाही. नुसते खांदे हलले. प्रमिलाबाईंना वाटलं, याला आपली बोली कळत नाही, मग काय, मोकळं रानच आहे. धुण्याच्या तंबूपर्यंत त्यांनी त्याला बैल म्हटलं, रेडा म्हटलं, आणि तुझ्या आईने तुला जेवू घातलं नाही का, असंही विचारलं. खांदे पुन्हा पुन्हा हलत राहिले.

मधल्या सुट्टीत त्या सावलीत लिंबू सरबत पीत बसल्या होत्या. तिथे चेतनचा सोबती गोपाल आला. सुरतचाच गुजराती मुलगा, मोडकं मराठी आवडीने बोलणारा.

“मासी, तुमी तर हिरॉइन!” तो म्हणाला. “चेतनभाईची आई शोभता. त्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला होता ना दिवाळीनंतर, तवा सगळ्यात पहिला आत तोच. दोन मजूर खांद्यावर घेऊन आला. एक रात्र दवाखान्यात ठेवला होता, डोळे लाल टमाटर झालेले.”

प्रमिलाबाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. दिवाळीनंतर चेतन एक रात्र घरी आला नव्हता. वडोदऱ्याला क्रिकेटचे सामने आहेत म्हणाला होता. डोळे लाल का, तर बसमध्ये खिडकी उघडी होती, धूळ गेली. त्यांनी त्या डोळ्यांत गुलाबपाणीही घातलं होतं.

“फोनवर कोण बसतं मग?” त्यांनी विचारलं.

“फोनवर? फोनवर तर जाडेजाकाका बसतात. रिटायरला आलेत.” एवढं बोलून गोपाल थांबला. प्रमिलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी चुकलं हे त्याला उमगलं आणि सरबताचा जग भरायला म्हणून तो जो गेला तो परत आला नाही.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला चेतन सूट चढवत होता. आईने पाहिलं, आणि आईने पाहिलं हे त्यानेही पाहिलं. त्याने मास्क घाईघाईने तोंडावर ओढला.

तिसऱ्या फेरीला ऊन चांगलंच तापलं होतं. प्रमिलाबाई जागेवर जाऊन पडल्या, धूर सुटला, आणि त्यांना खरंच रडू फुटलं. डोळ्यांची आग, अंधार, सगळं त्या विसरल्या. “मना पोऱ्या मनासंगे खोटं बोलना!” त्या छाती बडवून म्हणाल्या. “गॅसमा गया आनि माले क्रिकेट सांगं! आता मी कोनले इचारू?” कडेला उभ्या असलेल्या परीक्षकाने छायाला विचारलं, त्या काय म्हणतायत? छाया म्हणाली, मुलाबद्दल बोलतायत. परीक्षकाने मान डोलावली. “मानसिक धक्का. फार छान करतायत.”

पुन्हा तेच भूत आलं. या वेळी त्याची चाल जड होती. त्याने सोबत्याबरोबर स्ट्रेचर उचललं, काही पावलं चालला आणि ते खाली ठेवलं. सोबती पुढचा पेशंट पाहायला वळला. भूत गुडघ्यावर बसलं, हात जमिनीला टेकवले आणि हळूच एका कुशीवर कलंडलं. मास्कच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या.

प्रमिलाबाईंचं रडणं थांबलं. “ए दादा,” त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. त्यांनी हात लांब करून त्याचा खांदा हलवला. एवढा वेळ हसताना हलणारा तो खांदा आता ओल्या गोणीसारखा पडला होता.

“सुंदराबाई, हा पोरगा पडला!”

“मी मेलेली आहे,” सुंदराबाई पदराखालून म्हणाल्या. मग त्यांनी एक डोळा उघडला आणि ताडकन उठून बसल्या. “अगं बाई!”

प्रमिलाबाई उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. हात वर करायचे, तीनदा काहीतरी म्हणायचं, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. परीक्षक कौतुकाने पाहत राहिला. आजूबाजूला वीस बायका त्याच जोमाने कण्हत होत्या. मेलेली सुंदराबाई हातवारे करते आहे हे पाहून दोन जवान तर हसलेच. प्रमिलाबाईंनी तंबूकडे तोंड केलं आणि पोटातून हाक घातली.

“चेतन! आठे ये! हाऊ पोऱ्या खरंज पडना! नाटक नही शे रे, नाटक नही शे!”

पुरुषांच्या तंबूच्या तोंडाशी चेतन पाण्याचा पाइप धरून उभा होता. मास्कमधून आवाज नीट येत नव्हता, शब्द तर अजिबात कळले नाहीत. पण हा आवाज त्याने लहानपणी ऐकलेला होता. तो पत्र्यावर पतंगामागे धावताना विजेच्या तारेजवळ गेला होता, तेव्हाचा हा आवाज होता. सकाळपासूनच्या आरडाओरडीत हा नव्हता. त्याने पाइप टाकला, दोन्ही हात वर केले आणि मास्क वर सरकवून ओरडला, “असली! असली! असली!”

सगळं आवार गप्प झालं. शिट्टी वाजली.

मग जे झालं ते प्रमिलाबाई नुसत्या पाहत राहिल्या. चेतन धावत आला. त्याने त्या जवानाचा मास्क काढला, सूटची चेन खालपर्यंत ओढली, गोपालच्या मदतीने त्याला उचलून सावलीत नेलं. “पाणी. बर्फ. काखेत ठेव, मानेला ठेव. पंखा इकडे फिरवा. गर्दी मागे.” आवाज चढलेला नव्हता, पण जो तो ऐकत होता. घरी डबा कुठे ठेवला म्हणून तीनदा विचारणारा हा मुलगा इथे एकदाच बोलत होता आणि माणसं हलत होती. मेजर मॅडम गुडघ्यांवर बसून नाडी पाहत होत्या. प्रमिलाबाईंनी कोपऱ्यातलं एक पुठ्ठ्याचं खोकं फाडलं आणि कुणी न सांगता वारा घालायला बसल्या.

थोड्या वेळाने जवानाने डोळे उघडले. कोवळं तोंड, मिसरूड नुकतं दाट होऊ लागलेलं. मॅडमनी नाव विचारलं. “सुकदेव,” तो पुटपुटला. मग त्याची नजर वारा घालणाऱ्या बाईंवर गेली आणि ओठ हलले.

“माय, मी भूत नही शे. मी साक्रीना शे.”

प्रमिलाबाईंचा हात थांबला. धुळे जिल्ह्यातली साक्री! त्यांच्या माहेरापासून बसने तासाभरावर! सकाळपासूनचा बैल, रेडा, सगळं त्यांना एकदम आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“मंग तू बोलना का नही?”

“मास्क लावेल व्हता, माय.” तो हसला. “आनि तू गावनी आठवन करी दिनी.”

सगळ्यात आधी छाया हसली, मग चेतन, मग ज्यांना एक अक्षरही कळलं नव्हतं तेही. सुकदेवला अँब्युलन्सने तपासायला नेलं. दुपारपर्यंत तो ठीक असल्याचं कळलंही.

जेवणाआधी मॅडमनी सगळ्यांना बसवलं. सुकदेवला मी सूटमध्ये फार वेळ ठेवलं, ती चूक माझी, असं त्यांनी सरळ सांगितलं. उद्यापासून फेऱ्या लहान होतील. आणि सुरतच्या ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला तेलुगू, उडिया, अहिराणी, जी जी भाषा इथल्या गल्ल्यांत बोलतात तिच्यातले ‘थांबा’, ‘बसा’, ‘कुठे दुखतं’, ‘घाबरू नका’ एवढे तरी शब्द यायला हवेत. “शिकवणार कोण?” त्यांनी विचारलं. छायाने विचार न करता प्रमिलाबाईंचा हात धरून वर केला.

चेतन आईपासून लांब लांब राहत होता. शेवटी प्रमिलाबाईच त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“तू फोनवर बसस ना?”

तो खाली पाहत राहिला. “तुले भ्याव वाटी म्हनीसन नही सांगं.”

“भ्याव वाटंच. वाटणारच.” त्या थांबल्या. मग त्याच्या हातातल्या मास्ककडे बोट दाखवलं. “घाल मला ते.”

“माय, काय करतेस?”

“घाल म्हटलं ना.”

चेतनने गजरा सांभाळत पट्टे ओढले. आधी रबराचा वास आला. मग बाहेरचे आवाज दूर गेले, आणि गोल काचांतून चेतनचं तोंड दिसलं. काळजीने वाकलेलं, अगदी जवळ. आत स्वतःचाच श्वास मोठ्याने वाजत होता, आत, बाहेर, आत, बाहेर. एवढ्या आवाजात हा पोरगा धुरात जातो, आणि तिथे त्याच्यासोबत दुसरं कुणी नसतं, फक्त हा श्वास. गोपाल लांबून फोटो काढत होता, तिकडे प्रमिलाबाईंनी लक्षही दिलं नाही.

मास्क काढला तेव्हा त्यांच्या गालांवर लाल वळ उठले होते आणि गजरा एका कानावर आला होता.

“बाजूने हवा शिरत नाही ना रे?”

“घट्ट बसवला तर नाही.”

“मग घट्ट बसवत जा. आणि जाताना मला सांगत जा. खोटं बोललास तर मी फायर स्टेशनवर येऊन जाडेजाकाकांच्या शेजारी बसेन.”

ही धमकी चेतनने खरी मानली. मानायलाच हवी होती.

दोन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, सुकदेव लिंबायतला जेवायला आला. सोबत त्याचा मणिपूरचा एक दोस्त होता. प्रमिलाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि भरीत केलं होतं. ठेचा त्यांनी बेताने वाढला, पण दोस्त म्हणाला, आमच्याकडची मिरची याहून तिखट असते, आणि त्याने तो खरोखर चाटून पुसून खाल्ला. उलट सुकदेवच्याच नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “साक्रीचं नाव बुडवलंस,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्याला ताक दिलं.

चेतनने पहिला घास घेतला आणि त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत उठला, चपला शोधू लागला. दारात थांबला. सवयीने काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

“माय, बमरोलीकडे एका गोडाऊनमा ड्रम फुटना शे. वास येई राहिना. मी जाई राहिनू.”

प्रमिलाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर टेकली ती तिथेच राहिली. “जाय,” त्या म्हणाल्या. “घट्ट बसाड.”

तो गेला. भाकरी करपली. मणिपूरच्या मुलाने गुपचूप उठून गॅस बंद केला. पुढचा वेळ सुकदेवने बोलण्यात काढला. त्याच्या गावची जत्रा, बहिणीचं लग्न, लष्करात पहिल्या दिवशी उलटा घातलेला बूट. प्रमिलाबाई हसल्या, मधेच दाराकडे पाहिलं, पुन्हा हसल्या. सुंदराबाई येऊन बसल्या, छायाही आली. दुपार कलली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चेतनच्या मोटारसायकलचा आवाज आला.

तो आत आला तो ओल्या केसांनी. प्रमिलाबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हुंगलं. साबणाचा वास होता, आणखी कसलाच नाही.

“अंघोळ केलीस?”

“दोनदा. भूक लागली, माय.”

त्या उठल्या, पीठ मळायला घेतलं. “बस,” त्या म्हणाल्या, “आणि सगळं सांग. पहिल्यापासून.”

चेतन भिंतीला टेकून बसला आणि सांगू लागला.